दुसऱ्याच्या चिलखताकडे बघण्याची रीत

“माणसाच्या तोंडाकडे बघ रे. कोपराकडे काय बघतोस?”

आत्याचा हा आवाज अजून माझ्या उजव्या कानात मुक्कामाला आहे. उजव्याच, कारण बोलताना ती तोच कान धरायची. घरी आलेले पाहुणे खुर्चीत रेलून आपल्या मोठमोठ्या ओळखी सांगत होते आणि मी त्यांच्या सदऱ्याच्या कोपराला पडलेल्या भोकाकडे बघत होतो. नुसतं बघून भागेना, म्हणून शेवटी बोट घालून पाहिलं. पाहुण्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. पुन्हा ते आमच्या दारावरून गेले, पण दारात आले नाहीत.

आम्हा दोघा भावंडांना आत्यानेच वाढवलं. आम्ही वाढत होतो, कपडे वाढत नव्हते, म्हणून त्यांना ठिगळं वाढवावी लागत. शिवणयंत्राला पाय मारता मारता ती स्वतःचंच काहीतरी जुळवून म्हणायची:

कोपराचं ठिगळ जगाला दिसतं बाई,
लावणारा हात कुणा दिसायचा नाही.

एवढं सगळं कानात असून मोठेपणी मी नेमका कोपराकडे बघण्याचाच धंदा पत्करला. तयार कपड्यांच्या कारखान्यात मी तपासनीस आहे. शर्ट उलटा करायचा, शिवण ताणून बघायची, टीप सुटलेली असेल तिथे लाल बाण चिकटवायचा आणि गठ्ठा परत पाठवायचा. हे काम दिवसभर केलं की संध्याकाळी डोळे मिटत नाहीत, ते दुसऱ्यांच्या शिवणींवरून फिरत राहतात. लग्नात नवऱ्या मुलाला शुभेच्छा देताना माझा हात आपोआप त्याच्या कॉलरीकडे जातो. अशा वेळी ही, म्हणजे माझी बायको, माझा कोट मागून ओढते. माझ्या सगळ्या कोटांची मागची शिवण त्यामुळे ढिली आहे.

तर माझी बहीण. तिचे केस पिकायला लागले तरी घर तिला धाकटीच म्हणतं. ती दुसऱ्या शहरात एकटी राहते, एका प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावते. पूर्वी तिचा फोन आला की दूध उतू गेल्यासारखा व्हायचा, सगळीकडे पसरायचा. शेजारणीचं मांजर, जिन्यातला दिवा, प्रयोगशाळेच्या साहेबांची शिंक, काही म्हणून वगळायची नाही. हल्ली मी विचारायचो, “कशी आहेस?” ती म्हणायची, “बरंय.” मी विचारायचो, “जेवलीस?” ती म्हणायची, “बरंय.”

जेवलीस का, याला बरंय हे उत्तर होत नाही. ही सुटलेली टीप होती. पण माणसाला उलटं करून बघता येत नाही, हीच माणसाची अडचण आहे.

“अहो, तुम्ही तिला विचारू नका. तिच्याशी बोला,” ही म्हणाली.

“दोन्ही एकच ना?”

“म्हणूनच ती बोलत नाही तुमच्याशी.” हिने भाजी चिरता चिरता आणखी एक माहिती पुरवली. “रोज संध्याकाळी ती तो गेम खेळते. तलवारी-बिलवारींचा. जगभरची माणसं असतात म्हणे. तिथे दिसेल तुम्हाला.”

आता बहिणीला भेटायला माणूस गाडीने जातो, मीही गेलो असतो. पण “येऊ का?” म्हटलं की “कशाला? बरंय की,” असं उत्तर यायचं. दार उघडत नसेल तर माणूस खिडकीपाशी जातो. मी संगणकापाशी गेलो.

“ये की,” धाकटी फोनवर म्हणाली. “पण तिथे मला धाकटी म्हणायचं नाही. मी तिथली जुनी ढालकरीण आहे. लोक मान देतात.” कितीतरी दिवसांत ती माझ्याशी एवढी वाक्यं सलग बोलली नव्हती. मी त्याच आनंदात नाव नोंदवायला बसलो. शूर म्हणावीत अशी सगळी नावं आधीच कुणी ना कुणी घेतलेली होती. वाघ, वादळ, विजेचा लोळ, एकही शिल्लक नव्हतं. चिडून मी ‘काजबटण’ असं लिहिलं. ते ताबडतोब मिळालं. माझ्याआधी जगात कुणालाही ते नाव हवंसं वाटलं नव्हतं.

या खेळात माणूस सुरुवातीला एका गावच्या चौकात उगवतो. मधे कारंजं, भोवती शे-दीडशे योद्धे, सगळे चिलखतं घालून उगाच उभे. कुणावरही माउस दाबला की दोन छोटी चित्रं येतात. एक डोळ्याचं, एक वाकून केलेल्या नमस्काराचं. मी डोळा दाबला आणि माझ्यासमोर स्वर्ग उघडला.

डोळा दाबला की त्या योद्ध्याचं सगळं सामान आपल्याला दिसतं. शिरस्त्राण, छातीचं चिलखत, कोपरांच्या वाट्या, हातमोजे, पट्टा, बूट. प्रत्येक वस्तू किती बळकट, किती झिजलेली, कुणी बनवलेली, सगळं शेजारी लिहिलेलं. आयुष्यभर मी ज्या गोष्टीसाठी बोलणी खाल्ली ती इथे सरकारी सोय असल्यासारखी बटणावर ठेवली होती. मी कारंज्याच्या कट्ट्यावर बसलो आणि कामाला लागलो. एकेकाला घ्यायचं, वरपासून खालपर्यंत बघायचं, आणि जाता जाता दोन शब्द लिहायचे. “तुमचा डावा हातमोजा उजव्याला जुळत नाही.” “पट्टा फार झिजलाय, बदला.” “चिलखत भारी, पण बूट कुणाचे घातलेत?” सगळं प्रेमाने. कारखान्यात तर मी प्रेमाशिवायच सांगतो.

हळूहळू चौक रिकामा झाला. मला वाटलं, जेवायची वेळ झाली असेल.

दुसऱ्या दिवशी जिन्यात समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर भेटले. हिने त्यांना माझा नवा उद्योग सांगितला होता, आणि डॉक्टर स्वतः तो गेम खेळत असल्याचं त्यांच्या बायकोखेरीज सगळ्यांना माहीत होतं. माझा पराक्रम ऐकून ते एक पायरी खाली उतरले.

“अहो, तुम्ही डोळा दाबलात की समोरच्याच्या स्क्रीनवर अक्षरं येतात. ‘काजबटण तुमचं सामान बघत आहे.’”

“कुणाच्या?”

“ज्याला बघाल त्याच्या. आणि पुन्हा बघाल तर पुन्हा येतात.”

माझ्या पायाखालची जिन्याची पायरी सरकली. काल संध्याकाळी मी शंभरेक अनोळखी माणसांच्या कोपरात बोट घातलं होतं, आणि प्रत्येकाला ते माझ्या नावानिशी कळलं होतं.

डॉक्टरांनी मग तिथेच, एका हाताने कठडा धरून, मला रीत समजावली. बघायचं तर एकदाच, आणि लांबून. बघून झालं की वाकून नमस्कार करायचा, म्हणजे समोरच्याला बरं वाटतं. विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही. लढाई चालू असताना तर कुणाकडेच बघायचं नाही, ते फार वाईट. आणि जुन्या, मानाच्या खेळाडूंचं सामान कधीच बघायचं नाही. “तो अपमान असतो. त्यांचं सगळं ठीकच असणार असं धरून चालायचं.”

“आणि ठीक नसलं तर?”

“तरी धरून चालायचं. मी नाही का, लोकांशी बोलताना त्यांचे दात बघतो. पण काही म्हणतो का?” असं म्हणून डॉक्टर माझ्या खालच्या दाढेकडे बघत राहिले. मी तोंड मिटलं.

झाल्या प्रकाराची माफी मागणं सभ्यपणाचं होतं. त्या संध्याकाळी मी चौकात गेलो आणि कालच्या एकेका माणसाला शोधून वाकून नमस्कार करायला लागलो. पण नमस्काराचं चित्र डोळ्याच्या चित्राला चिकटून होतं, आणि आमचा माउस हिने पुसताना त्याची बटणं ढिली केली होती. दहातल्या सहा जणांना मी नमस्काराऐवजी पुन्हा बघितलं. एक दाढीवाला जादूगार तर पळायला लागला. त्याची समजूत घालायला मी मागे धावलो आणि धावता धावता त्याला आणखी बघितलं.

रात्रीच्या जेवणाआधी खेळाच्या कचेरीकडून सूचना आली. माझ्याविरुद्ध बऱ्याच तक्रारी होत्या. खुलासा करायचा असल्यास मदत केंद्राकडे करावा. मी मदत केंद्र उघडलं. तिथे एक यंत्र बोलत होतं, फारच गोड.

“तुमची तक्रार काय आहे? कुणी तुमचं सामान बघितलं का?”

मी लिहिलं, “नाही. बघणारा मीच.”

“समजलं. बघणाऱ्याचं नाव सांगा.”

“काजबटण.”

“काजबटण यांनी तुम्हाला किती त्रास दिला? फार, बराच, थोडा.”

‘थोडाही नाही’ असा पर्याय नव्हता. मी ‘थोडा’ निवडलं.

“तुमची तक्रार नोंदवली आहे. काजबटण यांनी पुन्हा असं केलं आणि समोरच्याने तक्रार केली, तर त्यांना कायमचं बाहेर काढू. तुम्हाला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

माझ्याजवळ दिलगिरी इतक्या आपुलकीने आजवर कुणी व्यक्त केली नव्हती. ही मागे उभी राहून वाचत होती. “स्वतःविरुद्ध तक्रार करणारा पहिलाच माणूस असाल,” ती म्हणाली. “कारखान्यातही असंच करता का?”

मला हसू आलं नाही. कायमचं बाहेर म्हणजे धाकटीच्या खिडकीतून बाहेर.

धाकटीने माझी हमी दिली म्हणून तिच्या जथ्यात मला घेतलं. जथ्याच्या सेनापती बालवाडीच्या बाई होत्या. कानाला यंत्र लावलं की त्यांचा आवाज यायचा, “सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं, धक्काबुक्की करायची नाही.” त्या आवाजापुढे कुऱ्हाडी घेतलेले राक्षसासारखे गडी मुकाट रांगेत उभे राहत. नव्या माणसांचं सामान बाई स्वतः बघत, परवानगी विचारून. माझं बघून त्या म्हणाल्या, “प्रयत्न केलाय. छान.” जुन्यांचं मात्र बघायचं नाही, हा त्यांचाही नियम. “ढालकरीणताईंच्या भरवशावर तर आपण सगळे आहोत,” बाई म्हणत, आणि धाकटी सगळ्यांच्या पुढे, ढाल घेऊन, गप्प उभी असे.

मी शहाण्यासारखा वागायला लागलो. माउसवरचा हात काढून मांडीखाली ठेवायचो. फावल्या वेळात तिथलं शिवणकाम शिकलो आणि पहिली वस्तू म्हणून एक लोकरीची टोपी विणली. खेळातली सगळ्यात कच्ची वस्तू, बळकटी जवळपास शून्य, एक कानपट्टी लांब, एक आखूड. ती मी धाकटीला पाठवून दिली. फोनवर ती म्हणाली, “बरंय.”

पण मागे उभं राहून माणसाला पाठ दिसतेच. खेळात सामान झिजलं की त्याची चमक जाते. बाकीच्यांची चिलखतं दुरुस्त होऊन दुसऱ्या दिवशी लखलखत यायची. धाकटीच्या डाव्या कोपराची वाटी मात्र राखेसारखी दिसायला लागली होती. मला वाटलं, सावली असेल. मी तिच्या उजवीकडून फिरून आलो, मग डावीकडून. सावली नव्हती. मग खांदाही तसाच दिसला. मग पाठ.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. कारखान्यात मी एका धड शर्टाला लाल बाण लावला आणि एका फाटक्याला पास केलं. घरी खुर्चीत बसलो की उठायचो, उठलो की खिडकीपर्यंत जायचो, खिडकीत काही नसायचं म्हणून परत यायचो.

“बसा नाहीतर उभे राहा, काहीतरी एक करा,” ही म्हणाली. “तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच दमायला झालं.”

मी फोन लावला. “कशी आहेस?”

“बरंय.”

“आणि कोपर?”

“काय?”

“काही नाही. थंडी आहे का, असं विचारत होतो.”

डॉक्टरांना जिन्यात गाठलं. ते म्हणाले, “अजिबात बघू नका. जुनी खेळाडू आहे, लाज वाटेल तिला. आणि तिने तक्रार केली तर तुम्ही संपलात.” आत जाता जाता थांबून म्हणाले, “सहसा अशी माणसं विसरलेली असतात हो. दुरुस्तीचं एक बटण असतं, दाबायचं राहतं.” त्यांच्या बोलण्याने मला धीर यायला हवा होता. पण आत्याच्या हाताखाली वाढलेली धाकटी, जी बाहुलीच्या फ्रॉकचंसुद्धा बटण तुटलेलं चालवून घ्यायची नाही, ती विसरली म्हणता?

रविवारी दुपारी दगडी राक्षसाशी लढाई ठरली होती. जथ्याने तिची कितीतरी आठवडे तयारी केली होती. धाकटीने पुढे उभं राहून ढालीवर त्याचे घाव झेलायचे, बाकीच्यांनी बाजूंनी मारायचं. माझ्यावर विश्वासाचं काम सोपवलं होतं. कोपऱ्यात एक घंटा होती. राक्षसाने पाय उचलला की मी ती वाजवायची, म्हणजे सगळ्यांनी बाजूला व्हायचं. “काजबटण, तुमचं लक्ष फक्त पायाकडे,” बाई म्हणाल्या. मी मनाशी म्हटलं, तोंडाकडे नको, कोपराकडे नको, पाय. आत्यालाही चाललं असतं.

लढाई सुरू झाली. राक्षस डोंगराएवढा. पहिलाच घाव धाकटीच्या ढालीवर बसला आणि ती मागे रेटली गेली, अशी की मला तिची एक बाजू पूर्ण दिसली. एवढ्या लखलखाटात ती एकटी राखेची होती. आणि डोक्यावर काहीतरी लोंबत होतं. एक कानपट्टी लांब, एक आखूड.

मी डोळा दाबला.

ढिल्या बटणाची सबब मी इथे सांगणार नाही. नीट नेम धरून दाबला.

सामानाची खिडकी उघडली आणि तिने माझी सगळी स्क्रीन व्यापली. छातीचं चिलखत, तुटलेलं. कोपराच्या वाट्या, तुटलेल्या. हातमोजे, पट्टा, बूट, सगळी अक्षरं लाल, एखाद्या गठ्ठ्याला मी वरपासून खालपर्यंत बाण लावावेत तशी. शिरस्त्राणाच्या जागी टोपी. तेवढी एक धड होती, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: बनवणारा, काजबटण.

किती वेळ मी बघत बसलो कोण जाणे. खिडकीच्या मागे कुठेतरी राक्षसाने पाय उचलला असणार. घंटा काही वाजली नाही. खिडकी मिटली तेव्हा सगळा जथा जमिनीवर चपटा पडला होता आणि राक्षस आमच्यावर उभा राहून पाठ खाजवत होता.

मग बाई म्हणाल्या, “घंटा का वाजली नाही?”

मी माउसवरचा हात काढून मांडीखाली ठेवला.

“काजबटण, मी तुम्हाला विचारतेय.”

एक गडी म्हणाला, “ढालकरीणताई पहिल्या घावालाच मागे गेल्या. असं कधी होत नाही. काहीतरी गडबड आहे.”

खरं सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. पुढे उभ्या असलेल्या धाकटीच्या अंगावर एकही वस्तू धड नव्हती, घंटा वाजली असती तरी आम्ही सगळे असेच पडलो असतो. तपासनीस म्हणून माझी नोकरीच ही आहे, खोट दिसली की बाण लावायचा.

“झोप लागली,” मी म्हणालो.

“भर दुपारी?”

“जेवण जास्त झालं होतं.”

इतका अपमान मी कारखान्यातही सोसलेला नाही. कुणीतरी कुत्सित हसलं. कुणीतरी म्हणालं, नाव बघा, काजबटण, काय अपेक्षा ठेवणार. बाई फार सौम्यपणे म्हणाल्या, “तुम्ही आता बाहेर जाऊन बसा,” आणि एका क्षणात मी जथ्यातून बाहेर, पुन्हा त्या कारंज्यापाशी. चौकातले लोक मला बघून पांगले. धाकटी सगळं ऐकत होती.

मी कानाचं यंत्र काढून ठेवलं. ही दारात येऊन उभी होती. “झोप कधी लागली तुम्हाला?” ती म्हणाली. “मी आतून बघत होते. तुम्ही तर खुर्चीच्या टोकावर होतात.”

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीचा, आणि व्हिडिओचा. कितीतरी दिवसांनी तिने चेहरा दाखवला होता. मागे खोलीचा पडदा ओढलेला, दुपार असून अंधार.

“दादा, इथे विचारतायत. काजबटण यांनी लढाईत तुमचं सामान बघितलं, तक्रार करायची का? हो की नाही.”

“हो म्हण. रीत म्हणजे रीत.”

“काय बघितलंस?”

“काही नाही गं. खिडकी उघडली तेवढ्यात तो पाय...”

“दादा.”

“टोपी बघितली,” मी म्हणालो. “एक कानपट्टी आखूड झालीय. दे, उसवून पुन्हा करतो.”

ती हसायला लागली, आणि हसणं मधेच कुठेतरी घसरलं. मी काही बोलणार तोच हिने मागून माझा सदरा धरला.

“शिरस्त्राण फुटलं म्हणून ती घातली,” धाकटी म्हणाली. “दुरुस्तीला काय लागतं माहितेय? हातोडीचं एक चित्र आहे, ते दाबायचं. रोज म्हणते, दाबू. हातच उचलत नाही रे. कामावर जाते, नळ्यांना चिठ्ठ्या लावते, घरी येते आणि चपला न काढता तशीच बसते. मग तिथे जाऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहते. वाटायचं, एवढी माणसं मागे आहेत, कुणीतरी बघेल. पण सगळे फार सभ्य आहेत, दादा. कुणी बघतच नाही.”

आत्याने सांगितलं होतं तसं मी तोंडाकडे बघत होतो. डोळ्यांखाली, ओठांच्या कडेला. हे तोंड मी लहानपणी पाणी लावून पुसलेलं आहे. हिने माझा सदरा अजून सोडला नव्हता, पण ओढतही नव्हती. दुसऱ्या हाताने ती कपाटावरची प्रवासाची बॅग खाली घ्यायला लागली.

“कशी आहेस?” मी विचारलं. मला दुसरा प्रश्न येतच नाही.

ती कॅमेऱ्यापासून तोंड फिरवेल असं वाटलं. पण तिने फिरवलं नाही.

“बरं नाहीये, दादा,” धाकटी म्हणाली. “मला अजिबात बरं नाहीये.”